शेवटच्या दाढेमागची जागा

कवळीमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, तोंडात बघतात. समोरचा हसला की यांची नजर सरळ दाढांकडे. बायको हे सांगताना अजूनही फणकारते. “पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा तासभर बसले होते. मी काय घातलं होतं ते यांना आजही सांगता यायचं नाही. पण माझा वरचा डावा सुळा जरासा वाकडा आहे, हे मात्र चहा यायच्या आत हेरलं होतं.” मास्तर यावर कान खाजवतात आणि म्हणतात, “छान दिसतो तो. म्हणून तर हो म्हटलं.”

मास्तरांचं वय आता एकोणसाठ. त्यातली अठ्ठावीस वर्षं आत्याच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे काय, तर दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक बाकडं, मागच्या खोलीत मेणाचं भांडं, प्लास्टरची पोती, घासायचं यंत्र आणि आत्या. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि त्यावरून हे दोघं कवळी करायचे. मास्तर बाविसाव्या वर्षी तिथे गेले तेव्हा त्यांना धड काहीच येत नव्हतं. एका नोकरीतून नुकतेच बाहेर पडले होते, दुसरी मिळत नव्हती. आत्याने एवढंच विचारलं, “हात थरथरतो का? नाही ना? मग बस.”

आत्याचा एक नियम होता. मापात ओतलेला पहिला प्लास्टरचा जबडा म्हणजे कच्चा. त्याला हात लावायचा नाही. बुडबुडा राहिलेला असो, कड तुटलेली असो, निघाला तसा ठेवायचा. खाली पेन्सिलीने नाव आणि तारीख घालायची आणि फळीवर चढवायचा. मग त्याच मापात दुसरा ओतायचा, तो पक्का. घासायचं, भरायचं, तासायचं ते सगळं पक्क्यावर. “पक्का आपला,” आत्या म्हणायची, “कच्चा त्या माणसाचा. त्याच्या तोंडात ढवळाढवळ करणारे आपण कोण?”

फळ्या भरल्या, कपाटं भरली, मग खोके आले. मास्तर वैतागायचे. “आत्या, यातली निम्मी माणसं वारली. त्यांचे जबडे किती वर्षं सांभाळायचे?”

“तुझं काही खातायत का ते? मग राहू देत.”

पुढे दात छापणारी यंत्रं आली. डॉक्टर लोक आधी कमी झाले, मग दिसेनासेच झाले. आत्याचे हातही कापायला लागले. कारखान्यातली शेवटची कवळी मास्तरांनी केली ती आत्याचीच. तिचे उरलेसुरले दात त्या वर्षी गेले होते. ती बसवून झाली आणि आत्याने आरशात बघून मान डोलावली, “झकास.” दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मास्तर पुन्हा बाविसाव्या वर्षी होते तिथेच येऊन उभे राहिले, फक्त आता केस पिकलेले होते.

अशात एक दिवस संग्रहालयाचे प्रमुख त्यांच्या दारात आले. उंच, कोरडे, मोजकं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, “माझे वडील शेवटची सात वर्षं तुमच्या कवळीवर जेवले. आमच्याकडे जुनी हाडं येतात, त्यांच्या प्लास्टरच्या प्रती करायच्या असतात. जमेल?” मास्तरांना रडू आवरेना. बायकोने प्रमुखांना पाणी दिलं आणि म्हणाली, “जमेल म्हणतायत ते.”

तेव्हापासून संग्रहालयाच्या तळघरातली एक खोली मास्तरांची. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून दिवसभर फक्त चपला आणि बूट दिसतात. एक मोरी, ती प्लास्टरने कायम पांढरी. बुडबुडे निघून जावेत म्हणून थरथरणारं एक छोटं टेबल. मान वळवता येणारा दिवा. रोज सकाळी कुलपात किल्ली फिरवताना मास्तर हळूच “आभारी आहे” म्हणतात. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नाही. प्रमुखांना असेल, आत्याला असेल, नाहीतर त्यांच्या हातून जेवून गेलेल्या त्या सगळ्या बोळक्या तोंडांना असेल. देणं एवढ्यांचं असलं की नाव कुणाकुणाचं घ्यायचं?

चार वर्षांपूर्वी तो जबडा आला. दूरच्या एका संग्रहालयाचा, गुहेत सापडलेला, वय चार लाख वर्षांच्या आसपास. अकरा दिवसांसाठी दिलेला होता. पेटीतल्या स्पंजातून तो बाहेर काढला तेव्हा मास्तर बराच वेळ नुसते बघत राहिले. खालचा जबडा, जवळजवळ अख्खा. पुढून हनुवटी नाहीच, सरळ मागे उतरत गेलेला. पुढचे दात झिजून बुटके झालेले. आयुष्यभरात हजारो जबडे हातून गेले होते, पण ते सगळे ओळखीच्या घरातले. हा पाहुणा कुणाकडचा ते कळेना.

त्यांनी रबराचं माप घेतलं. मूळ जबडा परत गेला. मग त्यांनी मापात पहिली प्रत ओतली, दुसरी ओतली, आणि दुसरी काढताना माप फाटलं. हरकत नव्हती, दोन झाल्या होत्या. पहिली कच्ची, ती सवयीने बाजूला. दुसरी पक्की करायला घेतली. त्यात अगदी मागे, शेवटची दाढ आणि जबड्याचं उभं हाड यांच्यामध्ये एक खळगा दिसला. माल तिथपर्यंत पोहोचला नसेल. होतं असं. आयुष्यभर पाहिलेल्या जबड्यांत अक्कलदाढ उभ्या हाडाला खेटून, अंग चोरून बसलेली असते, तिच्यामागे एवढी ऐसपैस जागा कुठली असायला? मास्तरांनी मेण भरलं, उभ्या हाडाची कड पुढे ओढली, सुरीने एक हलका बाक दिला आणि त्यावरून नवं माप घेऊन पुन्हा एक स्वच्छ प्रत काढली. प्रमुख म्हणाले, “सुरेख.” ती प्रत खणात गेली.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरबाई आल्या. या दात उपटणाऱ्या डॉक्टर नव्हेत, संशोधन करणाऱ्या. वय मास्तरांच्या मुलीएवढं, चालणं घाईचं, डब्यातलं खायची रोज आठवण करून द्यावी लागायची. त्यांची दोन वर्षांची नेमणूक होती आणि विषय होता निअँडरथल माणसांची सुरुवात. मूळ जबडा ज्या संग्रहालयाचा, ते दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं बंद राहणार होतं, त्यामुळे डॉक्टरबाईंच्या हातात होतं ते एवढंच: मास्तरांची पक्की प्रत, दातांचे काही क्ष-किरण फोटो, आणि वरून काढलेली साधी छायाचित्रं, ज्यांत जबड्याचा मागचा भाग स्पंजात बुडालेला.

दुपारी त्या तळघरात यायच्या. मास्तर प्लास्टर कालवायचे, त्या बोलायच्या.

“लोकांना वाटतं, निअँडरथल एके दिवशी अख्खाच्या अख्खा तयार होऊन उभा राहिला. तसं झालेलं दिसत नाही, मास्तर. टप्प्याटप्प्याने झालं. आधी तोंड बदललं. दात, जबडा, चेहरा. डोक्याचा मागचा भाग कितीतरी नंतर. चार लाख वर्षांपूर्वीची अशी माणसं सापडलीत की डोकं अजून जुन्या वळणाचं, पण दात बघितले की कळतं, ही मंडळी कुठल्या घराकडे निघालीत.”

“म्हणजे घराण्याची ओळख दातांवरून?”

“दातांवरूनच. हाड मोडतं, झिजतं. दात टिकतो.”

मास्तरांना हे फार आवडलं. त्यांनीही आपली भर घातली. झिजलेल्या पुढच्या दातांवर बोट ठेवून म्हणाले, “हा नुसता खात नव्हता. दातांत काहीतरी धरून ओढत होता. शिंपी दातांत दोरा धरतात ना, त्यांच्या दातांची अशी गत होते.” डॉक्टरबाई टुणकन उठल्या. “अगदी हेच! कातडी वगैरे धरत असावेत, तिसरा हात असल्यासारखे.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मास्तर त्या दिवशी घरी जाताना जरा ताठ चालत होते.

मग गाडं अडलं. एका मंगळवारी डॉक्टरबाई प्रत घेऊन खाली आल्या आणि दिव्याखाली आडवी धरून म्हणाल्या, “याने मला फसवलं, मास्तर. क्ष-किरणात दाढांच्या पोटात मोठी पोकळी दिसते, मुळं खूप खाली जाऊन फुटतात. हनुवटी नाही. सगळं निअँडरथलच्या बाजूचं. पण त्यांच्यात दातांची अख्खी रांग पुढे सरकलेली असते, त्यामुळे इथे, शेवटच्या दाढेमागे, मोकळी जागा राहते. याला ती नाहीच. एका खुणेवर काही ठरत नाही हे खरं. ही जागा तर आजच्या माणसांतही कुणाकुणाला असते. पण हा जबडा इतका जुना, आणि नेमका हाच रांगेत बसत नाही. शुक्रवारी लेख पाठवायचाय. हा त्या घरातला नसावा, बाजूच्या कुठल्या तरी फांदीवरचा असावा, असंच लिहावं लागणार.”

मास्तरांनी वाकून बघितलं. दिवा आडवा पडला होता आणि त्या उजेडात उभ्या हाडाच्या कडेवर एक हलका बाक स्पष्ट दिसत होता. तो बाक त्यांनी झोपेतही ओळखला असता. सुरी उचलताना मनगट जरा डावीकडे वळतं, त्याचा तो बाक. अठ्ठावीस वर्षांच्या प्रत्येक कवळीवर होता तो. चार लाख वर्षांपूर्वीच्या माणसाला तो कुठून आला असणार?

“प्लास्टर घट्ट होतंय,” एवढंच म्हणून मास्तर मोरीकडे वळले. डॉक्टरबाई निघून गेल्या.

घरी न जाता मास्तर आत्याकडे गेले. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची, एका खोलीत एकटी, डोळ्यांना अंधुक दिसतं, जीभ मात्र शाबूत. दार उघडायच्या आधीच तिने आवाज ओळखला. “पाय ओढत का आलास? कुणी मेलं?”

मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना खाली बघत होते. “सांगितलं तर माझी नोकरी जाईल. नुसती जाणार नाही, नऊ वर्षांत केलेली प्रत्येक प्रत लोक संशयाने बघतील. प्रमुखांनी माझ्यावर भरवसा ठेवला, त्यांचं तोंड काळं होईल. आणि नाही सांगितलं तर त्या पोरीचं काम खोटं. आणि तो बिचारा…” इथे मास्तर अडखळले. “आत्या, त्याला मी घराबाहेर काढलं गं. एवढ्या लांबून आला होता.”

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग तोंडातली खालची कवळी काढून वाटीत ठेवली, विचार करायचा असला की ती काढायची, आणि म्हणाली, “कच्चा कुठाय?”

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. कच्चा! हात इतक्या वर्षांच्या सवयीने कच्चा बाजूला ठेवत आला होता, की डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता. तळघरात जागा नव्हती म्हणून प्रमुखांनी एकदा अडगळ काढायला सांगितली होती. सगळे कच्चे पिशव्यांत भरून मास्तरांनी इथे, कारखान्याच्या जुन्या खोक्यांजवळ, आणून टाकले होते. आत्याच्या खाटेखाली.

“फेकले तर नाहीस ना?”

“तुझं काही खात होते का ते?” आत्या म्हणाली.

मास्तर पोटावर झोपून खाटेखाली शिरले. खोके आणि पिशव्या बाहेर आल्या. कापडात गुंडाळलेले जबडे जमिनीवर पसरले. आत्या खाली बसली आणि एकेक हातात घेऊन अंगठा फिरवू लागली. “हा तो जाडा मास्तर, शाळेतला. ही त्या गाणाऱ्या बाईंची. हा हट्टी, तीनदा परत पाठवली होती कवळी.” डोळ्यांची तिला गरजच नव्हती. एक जबडा मास्तरांच्या हाताला लागला, खाली पेन्सिलीने ‘आत्या’ लिहिलेलं. “हा बघ, तुझा,” ते म्हणाले. आत्याने तो पटकन काढून घेतला आणि मांडीआड ठेवला. “तो असू दे. पुढचं बघ.”

मग तिचा अंगठा थबकला. “हा कोण रे? याला हनुवटीच नाही.”

आत्याचा अंगठा पुढच्या बुटक्या दातांवरून सरकत दाढांवर गेला, शेवटच्या दाढेवरून खाली उतरला आणि तिच्यामागच्या जागेत जाऊन बसला. अख्खं पेर आत मावलं.

“ही बुडबुड्याची जागा नाही,” आत्या म्हणाली. “बुडबुडा गोल असतो, कडा धारदार. हे मऊ आहे, उतरतं. हे त्याच्या तोंडातलं आहे. दिसतंय की नाही तुला?”

दिसत होतं. मास्तरांनी आत्याचा तो प्लास्टरने पांढरा झालेला हात धरला आणि कपाळाला लावला. “पुरे,” आत्या म्हणाली. “आता जाऊन सांग. कच्चा सापडला म्हणून चूक मिटत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दोन्ही जबडे डॉक्टरबाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. चेहरा लाल झाला. “दोन वर्षं, मास्तर,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं मी तुमचं मेण मोजत होते.” मास्तर मान खाली घालून उभे राहिले. रागवायचा त्यांना हक्कच होता. मग बराच वेळ फक्त मोजपट्टी सरकल्याचा आवाज येत राहिला. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याही अगदी हळू, “आहे. जागा आहे. आणि चांगली मोठी आहे.”

प्रमुखांनी मास्तरांना वर बोलावलं. कोरड्या आवाजात विचारलं, “अशा किती प्रतींत तुम्ही हात घातला असेल?”

“ठाऊक नाही साहेब. पण प्रत्येकाची कच्ची प्रत आहे. एकही टाकलेली नाही.”

“कुठे?”

“आत्याच्या खाटेखाली.”

प्रमुखांच्या ओठांचा कोपरा हलला, ते हसू होतं की काय हे मास्तरांना आजवर कळलेलं नाही. चार खेपांत सगळे कच्चे जबडे संग्रहालयात आले. तपासणी झाली. एकूण एकेचाळीस प्रतींपैकी सहांमध्ये मास्तरांचा हात निघाला, कुठे थोडा, कुठे जास्त. त्या सहांवर ‘दुरुस्त केलेली’ अशी चिठ्ठी लागली आणि खणांत आता कच्च्या प्रती राहतात, बुडबुड्यांसकट. मास्तरांना लेखी समज मिळाली. नोकरी राहिली. प्रमुख म्हणाले, “ज्याने कच्चे जपले त्याला काढून मी कुणाला आणू?”

लेख शुक्रवारी गेला नाही, पाच महिन्यांनी गेला. त्यात डॉक्टरबाईंनी जपून लिहिलं की एका जबड्यावरून कुळाची पूर्ण कथा सांगता येत नाही, पण दाढांची पोकळी, नसलेली हनुवटी आणि मागची जागा एकत्र पाहता हा त्याच वाटेवरचा दिसतो, अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरचा. नेमणूकही त्यांची वाढली. छापलेला लेख घेऊन त्या तळघरात आल्या. “आला तुमचा पाहुणा घरी,” म्हणाल्या. “आणि तो अगदीच परका नाही बरं का. त्या लोकांचा चिमूटभर अंश आजही कितीतरी माणसांत आहे. शेवटी आभार मानलेत, बघा. तुमचे, आणि तुम्ही म्हणाला होतात तसे आत्यांचे.”

मास्तर तो कागद घेऊन त्याच संध्याकाळी आत्याकडे गेले. वाचून दाखवला, दोनदा. आत्या खूश झाली, पण दाखवलं नाही. “सफरचंद आणलंयस का? मग काप, बारीक.”

कापता कापता मास्तरांची नजर कोनाड्यात गेली. तिथे तो जबडा होता, खाली ‘आत्या’ लिहिलेला, तिने मांडीआड दडवलेला. त्यांनी तो उचलला, खिडकीशी नेला. उजव्या बाजूला खालच्या हिरडीवर हाडाचा एक उंचवटा होता, वाटाण्याएवढा. मास्तरांना तो आठवला. प्लास्टरचा थेंब सांडला असेल म्हणून पक्क्यावरून त्यांनी तो तासून टाकला होता, बाक देऊन, सफाईने.

“आत्या,” ते म्हणाले. “उजवीकडे टोचतं का तुला?”

आत्याने एक फोड उचलली आणि तोंडात डावीकडे सारली.

“दहा वर्षं?”

“चावायचं डावीकडून. त्यात काय एवढं.”

“अगं, सांगायचंस ना! तुला तर पहिल्या दिवशीच कळलं असेल.”

“कळलं होतं,” आत्या म्हणाली. “पण कारखान्यातली शेवटची होती रे ती. तू इतक्या मनापासून केली होतीस.”

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. मग पिशवीतून माप घ्यायचा डबा काढला, पाणी आणलं, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याला म्हणाले, “आ कर.” नवं माप घेतलं. तळघरात जाऊन कच्चा ओतला आणि फळीवर ठेवला. पक्का ओतला, त्यालाही हात लावला नाही. उंचवटा होता तसा राहू दिला आणि कवळीलाच तिथे खोलगट जागा केली.

पंधरा दिवसांनी ती बसवली. आत्याने जीभ फिरवली, दात एकमेकांवर टेकवले. मग तिने मास्तरांनी कापलेल्या फोडी बाजूला सारल्या, दुसरं अख्खं सफरचंद उचललं आणि उजवीकडून कचकन चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला. ती चावत राहिली, डोळे मिटून. मास्तर समोर बसून होते आणि या खेपेला तोंडात नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“आभारी आहे,” ते म्हणाले.

“गप रे,” आत्या तोंडातल्या घासासकट म्हणाली, “खाऊ दे.”